शॉकचं मशीन बसवू नका, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले दोन महिने एक मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर फिरतोय. पलूस, तासगाव, मिरज, कराड, कुठलाच ग्रुप सुटलेला नाही. त्यात म्हटलंय की हृदयाचे ठोके बिघडलेल्यांच्या छातीत डॉक्टर जे आयसीडी (जीवघेणी लय शॉक देऊन थांबवणारं छोटं मशीन) बसवतात, ते माणसाला रोज आतून करंट देतं. त्यानं हृदय भाजून निघतं, मोबाईल किंवा मिक्सर जवळ आला तरी ते उडतं, आणि माणसाची वेळ आली तरी त्याला सुखानं जाऊ देत नाही. परदेशात आता बिनदुखीचं मशीन निघालंय, इथं मात्र जुना माल खपवतात, तेव्हा तारीख दिली असेल तर मोडा आणि थांबा, असा त्याचा शेवट आहे.

आमच्या एका काकांनी तारीख मोडली. म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील, आण्णा, एकतीस वर्षं वायरमन होते. २०१६ला त्यांना अटॅक आला, हृदयाचं पंपिंग २८ टक्क्यांवर उतरलं, आणि २०१८ला मिरजेत त्यांच्या डाव्या खांद्याखाली आयसीडी बसलं. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. म्हणजे खांबावरचा करंट आणि छातीतला शॉक, दोन्ही खाल्लेला माणूस घरात आहे, आणि त्यातले आकडे तपासायची सवय मला आहे. मेसेजमधलं एकेक घेते.

रोज करंट बसतो, हे पहिलं. आयसीडी बहुतेक वेळ काहीच करत नाही, फक्त ठोके मोजत बसतं. लागलं तर पेसमेकरसारखे बारीक इशारे देतं. त्या इशाऱ्याची ऊर्जा एका ज्यूलच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते आणि ती माणसाला सहसा कळतसुद्धा नाही. मोठा शॉक हा शेवटचा उपाय. खालच्या कप्प्यांची लय इतकी सुटली की रक्त पुढं ढकललंच जात नाही, तेव्हाचा. कित्येकांना वर्षानुवर्षं एकही शॉक बसत नाही.

आता दुखण्याचं. इथं मेसेज लिहिणाऱ्याला मी पूर्ण खोटं पाडणार नाही, कारण शॉक दुखतो. माणूस शुद्धीवर असेल तर चांगलाच दुखतो. नोव्हेंबर २०२०मध्ये सकाळी सहाच्या सुमाराला आण्णा विहिरीवर मोटर चालू करायला गेले होते. स्टार्टरच्या पेटीपासून अजून दोन हात लांब होते, तोच बैलानं छातीत लाथ घालावी तसा दणका बसला आणि ते पाटाच्या कडेला बसले. शेजारच्या रानातली पोरं धावत आली. सगळ्यांचं एकच, पेटीच्या बॉडीला करंट उतरलाय, कुणी हात लावू नका. आण्णांनी बसल्या जागी खिशातला टेस्टर काढून पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाव की पेटीला. पेटीत काय न्हाई. ह्ये माझ्या आतलं हाय."

टेस्टर पेटला नाही.

पुढं दोन महिने ते विहिरीकडं फिरकले नाहीत. रात्री उशा लावून बसून झोपायचे. आडवं झालं की परत बसंल, असं वाटायचं त्यांना. शॉक एका क्षणात संपतो, पण त्याची धास्ती माणूस घेऊन हिंडतो, आणि डॉक्टरांनी ती गोळ्यांइतकीच गांभीर्यानं घ्यायला हवी असं माझं ठाम मत आहे. तेव्हा दुखणं खोटं आहे असं मी काकांना सांगणार नाही. ते कमी करता येतं, आणि त्याची सोय छातीतल्या त्याच यंत्रात आहे, हे मात्र सांगणार.

त्याआधी "हृदय भाजतं" याचा हिशेब करू. आयसीडीचा पूर्ण ताकदीचा शॉक साधारण ३५ ते ४० ज्यूलचा असतो. साडेतीन-चार किलोची पिशवी जमिनीपासून मीटरभर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी. ती सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, एका दमात सोडली जाते. म्हणून दणका मोठा वाटतो, पण त्या ऊर्जेनं हृदय भाजून निघत नाही. खांबावर माणूस चिकटतो तेव्हा ५० हर्ट्झचा उलटसुलट करंट सलग वाहत राहतो, म्हणून तिथं हातापायाला भाजल्याच्या खुणा दिसतात. दोन्हींना आपण शॉकच म्हणतो, आणि आपल्या भागात दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मोटारीला चिकटून गेल्याचं ऐकायला येतं. त्यामुळं शब्द ऐकूनच पोटात गोळा येतो, हे मला कळतं.

या दोन शॉकांचं नातं मात्र जुनं आहे. घरातला करंट माणसाला मारतो तो पुष्कळदा हृदयाची लय मोडून. खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात, त्याला डॉक्टर व्हीएफ म्हणतात. जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी १८९९मध्येच कुत्र्यांवर दाखवलं होतं की कमी ताकदीचा झटका ही थरथर सुरू करतो आणि जास्त ताकदीचा तीच थांबवतो. पुढं अमेरिकेत लाइनमन शॉक लागून मरायला लागले, तेव्हा वीज कंपन्यांनीच संशोधनाला पैसे दिले. त्यातून जॉन्स हॉपकिन्समधले विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोव्हन यांनी छाती न उघडता बाहेरून शॉक देणारं यंत्र तयार केलं. छाती दाबून माणूस जगवायची जी पद्धत आज शिकवतात, तीही १९६०मध्ये याच गटाकडून आली. आणि मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतलं पहिलं आयसीडी माणसाच्या शरीरात बसलं ते ४ फेब्रुवारी १९८०ला, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये. वायरमनांच्या मरणातून सुरू झालेलं काम आमच्या वायरमनच्या छातीत येऊन पोचलं. हे आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग आपल्या दोन सहकाऱ्यांची नावं घेतली. दोघेही खांबावर गेले.

"बिनदुखीचं मशीन परदेशात निघालंय, थांबा." माझ्या दृष्टीनं हा मेसेजमधला सगळ्यांत घातक भाग आहे, कारण यात अर्धं खरं आहे. २०११मध्ये गॉटिंगेनची माक्स प्लांक संस्था आणि कॉर्नेल विद्यापीठ इथल्या लोकांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. एका मोठ्या शॉकऐवजी पाठोपाठ पाच हलके झटके दिले, आणि सरासरी ८४ टक्के कमी ऊर्जेत लय ताळ्यावर आली. काम फार सुंदर आहे. पण ते कुत्र्यांच्या हृदयावरचं होतं. काकांनी ज्याची वाट बघायची असं ठरवलंय, ते त्यांना कुठल्या दवाखान्यात बसवून मिळणारं यंत्र नव्हे. आणि नुसते ज्यूल थोडे उतरवून दुखणं उतरत नाही. एक-दोन ज्यूलच्या पुढं गेलं की छातीचे स्नायू आणि नसा एकदम आवळतात. मग तो २० ज्यूलचा असो की ३५चा, शुद्धीतल्या माणसाला फरक जाणवत नाही.

जे बिनदुखीचं आहे ते आजच्या बहुतेक आयसीडीत आधीपासून असतं. त्याला एटीपी म्हणतात. अटॅक येऊन गेलेल्या हृदयात मेलेल्या स्नायूचा एक व्रण राहतो, आणि कधीतरी विजेची लाट त्या व्रणाभोवती गोल गोल फिरायला लागते. ठोके मिनिटाला १८०-२०० होतात. ही व्हीटी. उसाच्या फडाला आग लागली की जाणती माणसं काय करतात? आग येतेय त्या बाजूचं पाचट आधीच पेटवून देतात. मोठी आग तिथवर पोचते तेव्हा तिला जळायला काही उरत नाही आणि ती जागेवर विझते. एटीपी हेच करतं. फिरणाऱ्या लाटेपेक्षा किंचित जलद असे आठ-दहा बारीक इशारे देतं. त्यांनी वाटेतला स्नायू आधीच उत्तेजित होऊन जातो, तो लगेच पुन्हा उत्तेजित होऊ शकत नाही, आणि लाटेला पुढं सरकायला जागाच राहत नाही. हे इशारे पेसमेकरच्या जातीचे, म्हणून दुखत नाहीत.

याची परीक्षा ६३४ पेशंटांवर झाली, २००४मध्ये निकाल छापून आला. मिनिटाला १८८ ते २५० अशा वेगाच्या व्हीटीतसुद्धा चारांतल्या जवळपास तीन व्हीटी (७२ टक्के) शॉकविना, नुसत्या एटीपीनं थांबल्या. उरलेल्यांसाठी शॉक मागं तयार होताच. व्हीएफमध्ये मात्र एटीपीचा उपयोग नाही. तिथं एक लाट नसते, सगळीकडं एकाच वेळी भडका असतो. पण त्यात रक्तच पुढं जात नसल्यानं काही सेकंदांत शुद्ध हरपते. यंत्राला ओळखून चार्ज व्हायला तेवढे सेकंद लागतातच, त्यामुळं तो शॉक पुष्कळांना कळतही नाही.

मग आण्णांना शुद्धीत का बसला? तर तो चुकीचा शॉक होता. तपासणीत छातीवर प्रोग्रॅमर, म्हणजे बाहेरून यंत्राची नोंद वाचायचं आणि सेटिंग बदलायचं उपकरण, ठेवला आणि नोंद निघाली. त्या सकाळी त्यांच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली होती, एएफ, आणि त्यामुळं ठोके पळत होते. १७०च्या वर गेलं की धोका, असं यंत्राला लावून दिलं होतं. त्यानं ते व्हीटी समजून दणका दिला. जिथं बसवलं होतं तिथं मूळ सेटिंगच तसंच ठेवलेलं होतं, आणि आण्णांनीही दोन तपासण्या चुकवल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी वेगाची मर्यादा वर नेली, वाट बघायचा वेळ वाढवला, आधी एटीपी मग शॉक असा क्रम लावला, आणि एएफच्या गोळ्या सुरू केल्या. पंधरा मिनिटांचं काम, चिरफाड नाही. हा काही त्यांच्या पदरचा जुगाड नव्हे. १,५०० पेशंटांच्या २०१२च्या अभ्यासात मर्यादा वर नेल्यानं किंवा थांबण्याचा वेळ वाढवल्यानं चुकीचे उपचार तीन चतुर्थांशांहून जास्त घटले, आणि मृत्यूही कमी झाले.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत कागद निघाला तेव्हा त्यावर दोन व्हीटी होत्या. दोन्ही एटीपीनं थांबलेल्या. एकीची वेळ रात्री साडेआठची. आण्णा म्हणाले, "तवा तर मी भाकरी खात असंन." त्यांना काही कळलंच नव्हतं. तो कागद आई देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवते.

एएफसाठी दवाखान्यात बाहेरून जो शॉक देतात, त्याचेही फोटो मेसेजला जोडलेत, जागेपणी हाल करतात म्हणून. ठरवून दिला जाणारा तो शॉक थोड्या वेळाची भूल देऊन देतात, आणि ईसीजीतल्या ठोक्याशी वेळ जुळवून देतात. बर्नार्ड लाउन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही पद्धत बसवली.

मोबाईल आणि मिक्सर. मिक्सर, टीव्ही, फ्रिज खुशाल वापरा. मोबाईल वरच्या खिशात नको, यंत्रापासून वीतभर लांब आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. वेल्डिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्याकडं खरा धोका वेगळाच आहे. अर्थिंग नसलेली मोटर, ओल आलेला स्टार्टर. हाताला नुसत्या मुंग्या येतील एवढा गळका करंटही यंत्राला हृदयाची थरथर वाटू शकतो आणि ते विनाकारण शॉक देऊ शकतं. आण्णांनी स्वतः बसून विहिरीवरचं अर्थिंग नव्यानं करून घेतलं. शॉक बसत असताना दुसऱ्यानं हात लावला तर त्याला फार तर चिमटा बसल्यासारखं होतं, इजा होत नाही.

"पैशासाठी सरसकट बसवतात." हा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. जुना अटॅक आणि ३० टक्के किंवा त्याखाली पंपिंग अशांचा २००२चा मोठा अभ्यास आहे. सरासरी २० महिन्यांत आयसीडी नसलेल्यांत १९.८ टक्के गेले, असलेल्यांत १४.२ टक्के. याउलट अटॅकमुळं नव्हे तर इतर कारणांनी हृदय कमजोर झालेल्यांवर डेन्मार्कमध्ये २०१६ला अभ्यास झाला, तिथं एकूण मृत्यूंत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे कुणाला, हे महत्त्वाचं. काका, तुमचा प्रकार पहिला आहे, अटॅक येऊन गेलाय आणि पंपिंग २५ आहे.

आणि सुखानं मरू देत नाही हे. म्हातारपणी, कॅन्सरमध्ये, शेवटच्या दिवसांत शॉकचा भाग प्रोग्रॅमरनं बंद करता येतो. ऑपरेशन लागत नाही, दुखत नाही, त्यानं लगेच जीवही जात नाही. घरच्यांनी वेळेत मागायला हवं एवढंच. एक गोष्ट मात्र मेसेजनं सांगितली नाही, ती मी सांगते. दहनाआधी यंत्र काढून घ्यावं लागतं, नाहीतर आगीत बॅटरी फुटते.

ज्यांच्या छातीत यंत्र आहे त्यांच्यासाठी, एक शॉक बसला आणि बरं वाटतंय तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दिवसभरात दोन बसले, किंवा एकच बसून चक्कर, दम, छातीत दुखणं असेल, तर थेट दवाखाना, गाडी दुसऱ्यानं चालवायची.

काका, येत्या मंगळवारी आण्णांची मिरजेला तपासणी आहे. एटीपी चालू करणार का, वेगाची मर्यादा किती ठेवणार, पुढची तपासणी कधी, हे तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत. सकाळी आठला निघतोय. तुमची जागा पुढच्या सीटवर धरलीय.