‘खरा जवान रडत नाही’ या संदेशाला उत्तर

देवळाली कॅम्पमुळे नाशिकात लष्कराविषयीचे संदेश जरा जास्तच फिरतात. त्यांपैकी एक माझ्या भाच्याकडे पोहोचला आणि एनडीएची तयारी करणाऱ्या त्या मुलाने, मी वाचायला दिलेली जर्मन लेखक रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ अर्धवट सोडून परत केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे : घाबरणारे, रडणारे सैनिक ही कधी बंदूक न धरलेल्या पाश्चात्त्य लेखकांची कल्पना आहे, आपल्या परंपरेला ते मान्य नाही, मनातले बोलून दाखवणारा जवान पलटण कमकुवत करतो, म्हणून अशी पुस्तके मुलांच्या हाती देऊ नयेत.

बंदुकीचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. रेमार्क पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होता आणि १९१७ मध्ये आघाडीवर जखमी झाला. युद्धकथा लिहिणारा अमेरिकी लेखक टिम ओब्रायन व्हिएतनाममध्ये पायदळात होता.

परंपरेचा पुरावा म्हणून गीतेतले ‘क्लैब्यं मा स्म गमः’ (दुबळेपणा पत्करू नकोस) उद्धृत केले आहे. ते वचन दुसऱ्या अध्यायातले. पहिला अध्याय उघडण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. तिथे अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, हातातून गांडीव गळते. गुलेरींच्या ‘उसने कहा था’ या १९१५ च्या हिंदी कथेतला शीख जवान लहनासिंगही पहिल्या महायुद्धाच्या खंदकात आजारी सोबती बोधासिंगाला आपली कांबळी आणि जर्सी देतो, आणि स्वतःची जखम लपवून त्याला आधी गाडीत बसवून देतो. यात पाश्चात्त्य ते काय?

खरा घातक मुद्दा तिसरा आहे, कारण उद्या गणवेश घालणारी मुले तो खरा मानतील. रेमार्कच्या कादंबरीचा नायक पॉल तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि तो मरेपर्यंत तासन्‌तास त्याच्याशेजारी अडकून पडतो. मेलेल्याच्या खिशातल्या कागदांवरून कळते की तो छापखान्यात काम करणारा, बायको आणि मुलगी असलेला माणूस होता. पॉल परत येतो, त्या दिवशी गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवत नाही आणि तो काट आणि आल्बर्ट या सोबत्यांना सारे सांगून टाकतो. ते त्याची समजूत घालतात, तो सावरतो आणि पुढेही लढत राहतो. बोलल्याने इथे पलटण नेमकी कुठे कमकुवत झाली?

अर्धे सत्य मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते : मन भलतीकडे गेलेला अधिकारी धोकादायक ठरू शकतो. ओब्रायनच्या ‘द थिंग्ज दे कॅरिड’ या कथेतला लेफ्टनंट क्रॉस आवडत्या मुलीच्या विचारात गुंतलेला असताना त्याच्या तुकडीतला एक जवान मारला जातो. क्रॉस तिची पत्रे जाळतो, पण अपराधाची भावना त्याने जळत नाही, आणि हे ओझे त्याला उरलेल्या युद्धभर एकट्यानेच वाहायचे असते. म्हणजे हे उदाहरणही संदेशकर्त्याच्या फारसे उपयोगाचे नाही.

उरला पुस्तके दूर ठेवण्याचा सल्ला. मे १९३३ मध्ये नाझी जर्मनीत रेमार्कची पुस्तके जाहीरपणे जाळण्यात आली, तेव्हा दिलेल्या घोषणेतही महायुद्धातल्या सैनिकांशी साहित्याने द्रोह केल्याचेच कारण सांगितले होते.