स्टेपनी खिशात मावत नाही

गाडीला स्टेपनी कशाला, हे आमच्या घरात कुणाला समजावावं लागत नाही. अनमोड घाटात एकदा चाक बसलं की सगळ्यांना एकदम कळतं. कॅमेऱ्याला स्टेपनी कशाला, हे मात्र मला दर मृगाला अगदी पहिल्यापासून सांगावं लागतं आणि दर मृगाला समोरून एकच वाक्य येतं, "अहो, मोबाईल आहे ना?"

मोबाईल आहे. पण अंतरपाट धरलेला असतो, भटजी शेवटच्या मंगलाष्टकाला आलेले असतात, त्या वेळी मंडपात दोनशे मोबाईल हवेत असतात. त्यात आपला दोनशे एकावा. एवढ्यासाठी मला कोण कशाला बोलावेल?

मोबाईलचा अडसर दूर झाला की खरा छळ सुरू होतो. बॅकअप म्हणून खिशातला कॉम्पॅक्ट घ्यावा की दुसरी मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचं धड? फोंड्यात चार कॅमेरेवाले चहाला जमले की यावर दोन पक्ष पडतात, एक खिशाचा आणि एक पिशवीचा. पोदेरचे पाव संपतात, भाजी संपते, वाद शिल्लक राहतो.

खिशाच्या पक्षाचं म्हणणं पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही पटतं. सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ बॅटरी-कार्डासकट ३०२ ग्रॅम, म्हणजे दोन बऱ्यापैकी बांगडा माशांएवढा. त्यात २४ ते २०० मिलिमीटरचा झूम. रिको जीआर ३ तर २५७ ग्रॅम. दुकानदार तो आपल्या तळहातावर ठेवतो, आणि आपण खिशात हात घालून जागा मोजू लागतो. तिथेच निम्मा सौदा होतो.

सहाव्या मिनिटाला मी स्टेपनीचा हिशेब मांडतो. स्टेपनी चांगली की वाईट, हा प्रश्नच नसतो. आपल्या गाडीचे नट तिच्या भोकांत बसतात का, एवढंच बघायचं. मुख्य कॅमेरा सोनी ए७ मार्क ३ असेल तर पिशवीत एनपी-एफझेड १०० बॅटऱ्या असतात. आरएक्स १०० ला लागते ती एनपी-बीएक्स १, बोटाच्या दोन पेरांएवढी. म्हणजे चार्जर दुसरा, जादा बॅटऱ्या दुसऱ्या. तिच्यावर अधिकृत मापाने २६० च्या आसपास फोटो निघतात, जीआरवर २००. मोठ्या कॅमेऱ्याची एक बॅटरी सातशेच्या पुढे जाते. आणखी एक खोच आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. आरएक्स १०० मार्क ७ च्या डोक्यावर फ्लॅश लावायची खाचच नाही. हॉलच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर फ्लॅश उभे आहेत, त्यांना पेटवणारा ट्रिगर हातात आहे आणि तो बसवायला जागा नाही. जीआरला ती खाच आहे, पण त्याला झूम नाही. सगळे गुण जुळलेलं स्थळ इथेही मिळत नाही.

मग सेन्सर. कॉम्पॅक्टच्या जाहिरातीत 'एक इंची सेन्सर' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. शाळेत शिकलेला इंच २५.४ मिलिमीटरचा. हा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, कर्ण धरला तरी १६ च्या आत. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलं. नळी गेली, नाव राहिलं. म्हापशाच्या बाजारातल्या मासळीच्या वाट्यासारखंच हे. वाटा म्हणायचं, त्यात किती हे विचारायचं नाही. मुख्य कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४. क्षेत्रफळाचा भागाकार केला तर ७.४ पट येतो. जवळजवळ साडेसाती, आणि तिचा फेरा संध्याकाळच्या रिसेप्शनला लागतो. मुख्य कॅमेऱ्यावर एफ २.८ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तेवढं ते जास्त उघडं) आणि आयएसओ (प्रकाश वाढवून घेण्याचं माप, आकडा मोठा तेवढे फोटोत दाणे जास्त) ३२०० वर जो फोटो निवांत निघतो, तोच कॉम्पॅक्टच्या लांब टोकाला, जिथे लेन्स एफ ४.५ पेक्षा जास्त उघडत नाही, आयएसओ ८००० मागतो. एवढ्याशा सेन्सरवर ८००० म्हणजे नवरीच्या शालूवरची जर कुठली आणि दाणे कुठले, हे तिच्या आईलाही सांगता येणार नाही.

तरी मन खिशाकडे ओढतंच. मग मिरामारची वाळू आठवावी.

कॉम्पॅक्टची लेन्स म्हणजे एकात एक बसणाऱ्या नळ्या. बटण दाबलं की बारीक मोटर दातेरी चाकं फिरवते आणि नळ्या आतल्या तिरक्या खाचांतून सरकत बाहेर येतात. दोन नळ्यांमधली फट केसाएवढी. नळी बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ आणि समुद्रावर असाल तर वाळू. एक कण त्या फटीत अडकला की 'क्रीऽक्' असा आवाज येतो, नळी तिरकी थांबते आणि पडद्यावर लेन्स एररची पाटी झळकते. अशा वेळी माणूस दोन पातकं करतो. नळी बोटाने आत ढकलतो, म्हणजे दातेरी चाकाचा दात जातो, किंवा तोंडाने फुंकर मारतो, म्हणजे वाळूच्या जोडीला थुंकी आत जाते. करायचं ते एवढंच. बॅटरी काढायची, लेन्स जमिनीकडे धरायची, रबरी ब्लोअरने नळ्यांच्या फटींभोवती गोल फिरत हवा मारायची, मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडायची, मग बॅटरी घालून कॅमेरा उलटाच धरून चालू करायचा. दोनदा करून हलला नाही तर तिसऱ्यांदा बटण दाबू नये. खटपट करणाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याचं दुरुस्तीचं बिल कमी येतं.

जीआरची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा सेन्सर मोठा, एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान पण 'एक इंची'हून बराच मोठा, फोटो बघून मिररलेसवाले मान खाली घालतात. पण खिशातला कॅमेरा म्हणून खिशातच ठेवला की खिशातलं पीठ, म्हणजे कापडाचे तंतू, हळूहळू लेन्सच्या वाटेने सेन्सरवर जाऊन बसतं. आभाळाच्या फोटोत एक करडा ठिपका दिसतो, मग दोन, मग उडत्या बगळ्यांचा थवा. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे पुसताही येत नाही. एका तंतूसाठी अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. उपाय साधा आहे. झिप असलेल्या छोट्या पिशवीत घालून मग खिशात ठेवा. पण मग तो खिशात मावत नाही.

आता पिशवीच्या पक्षाला वाटत असेल, मी त्यांच्या बाजूने उभा आहे. आहेच. पण त्यांच्याही चुका मला पाठ आहेत.

पहिली चूक नुसतं माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, बघून बॉडी घेण्याची. लेन्स बसते म्हणजे सगळं बसतं असं नाही. सोनी ए६४०० ला ए७ ची लेन्स बसते, पण बॅटरी लागते एनपी-एफडब्ल्यू ५०. तीच गोष्ट कॅननमध्ये, आर६ मार्क २ एलपी-ई६ च्या घराण्यातला, तर आर८ आणि आर५० एलपी-ई१७ वाले. निकॉनमध्ये झेड६ आणि झेड५० यांचीही अशीच चूल वेगळी. म्हणून दुकानात आधी बॅटरीचं झाकण उघडून बघावं, नंतर माउंट. शिवाय एपीएस-सी बॉडीवर २४-७० ची लेन्स ३६-१०५ सारखी वागते. कुटुंबाच्या फोटोला चार पावलं मागे जावं लागतं आणि मागे पंगत वाढलेली असते.

दुसरी चूक याहून मोठी. बॉडी दोन, लेन्स एक. कॅमेरा हातातून सुटतो तेव्हा तो सभ्यपणे एकटा पडत नाही, लेन्सला घेऊन पडतो. मग पिशवीत धडधाकट बॉडी आणि तिच्या तोंडाला प्लास्टिकचं झाकण. बॅकअप बॉडीबरोबर निदान ३५ एफ १.८ सारखी एक स्वस्त, हलकी लेन्स कायमची लावूनच ठेवावी. सोनीची १६-५० ची घडीची किट लेन्स, बॉडीबरोबर मिळते ती, ११६ ग्रॅमची, दिसायला गोड. पण तिच्यातही मोटरने सरकणाऱ्या नळ्याच आहेत, म्हणजे मिरामारची वाळू तिलाही ओळखते.

तिसरी चूक घड्याळाची. बॅकअप महिनोन्महिने बॅटरीशिवाय पडला की आतली बारीक बॅटरी उतरते आणि तारीख मूळपदावर जाते. मग रात्री दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो संगणकावर वेळेप्रमाणे लावले की हळद लागायच्या आधीच वरात घरी पोचते. लग्नाला निघताना दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाईलवरच्या सेकंदकाट्याचा एकेक फोटो काढावा. फरक किती सेकंदांचा ते कळतं, मग सगळे फोटो तेवढे पुढे-मागे सरकवता येतात.

धूळ मिररलेसच्या सेन्सरवरही बसते, पण तिथे हात पोचतो. एफ १६, आयएसओ १००, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा, ठिपके दिसतील. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मेनूतून सफाईचा पर्याय निवडायचा, लेन्स काढून कॅमेरा तोंड खाली करून धरायचा, ब्लोअरचं टोक आत न घालता आठ-दहा फुंकरा. बहुतेक धूळ एवढ्याने पडते. हे सगळं खोलीत पंखा बंद करून करावं. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याला टेकून लेन्स बदलणारे लोक मी बघतो, तेव्हा मला त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं आणि खाऱ्या वाऱ्याचं त्याहून जास्त.

हिशेब इथवर मिररलेसच्या बाजूने सरळ चालला होता. पण हा हिशेब पुण्याचा झाला. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवी साय धरते, तशीच ती लेन्सवरही धरते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली, अंधार मिळाला आणि हवा हलली नाही की बुरशीचे धागे काचेवर पसरू लागतात आणि त्यांच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. बुरशी पुसली तरी खाल्लेला लेप परत येत नाही. हे तिन्ही योग ज्या कॅमेऱ्याच्या पत्रिकेत हमखास जुळतात, तो कॅमेरा कोणता? अडीअडचणीला म्हणून, चामड्याच्या केसमध्ये, कपाटात मागे, ठेवणीतल्या शालूशेजारी जपून ठेवलेला. रोज पावसात भिजणारा मुख्य कॅमेरा टुणटुणीत राहतो आणि जपलेला बॅकअप जातो. आणि कॉम्पॅक्टमध्ये बुरशी शिरली तर लेन्स बदलण्याची सोयच नाही, तिथे लेन्स म्हणजेच कॅमेरा.

यावर गाड्यांचे मेकॅनिक जे सांगतात तेच मी धरून चालतो. स्टेपनीलाही फिरवायचं. एका कामाला अ मुख्य आणि ब बॅकअप, पुढच्या कामाला उलट. काम नसेल त्या आठवड्यात दोघांनाही बाहेर काढून दहा-पंधरा फोटो, झूम असेल तर पुढे-मागे, शटर यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही प्रकारचं. उरलेला वेळ हवाबंद डब्यात. प्लास्टिकचा रबरी कडेचा मोठा डबा, तळाशी अर्धा किलो सिलिका जेल, आत स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये हवा. ३० च्या खाली गेला तर रबर सुकतं. जेल नारिंगी रंगाचं घ्यावं, ओल शोषून हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा नारिंगी होतं. निळं जेल मिळतं, पण त्यात कोबाल्ट असतं. ते स्वयंपाकाच्या कढईत परतू नका, कितीही सोपं वाटलं तरी. आणि एसी हॉलमधून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीत बंद करूनच बाहेर न्या, वीस-पंचवीस मिनिटं पिशवी उघडू नका. नाहीतर थंड काचेवर बाहेरची वाफ धरते आणि वरातीचे पहिले फोटो धुक्यातले येतात.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा. पैसे घेऊन लग्न काढत असाल तर त्याच कंपनीची, त्याच बॅटरीची, एक पिढी जुनी बॉडी, तिची स्वतःची लेन्स लावलेली. यात मी कुणाचं ऐकत नाही. छंदापुरता कॅमेरा असेल, तर मात्र कॉम्पॅक्ट खुशाल घ्या, कारण तो बाजाराला, फेरीबोटीत, शिगम्याला बरोबर येईल आणि वापरात राहील म्हणून बुरशीतून वाचेल. फक्त त्याला बॅकअप म्हणू नका, नाहीतर कपाटात जाईल. सांजावच्या सणाला विहिरीत उडी मारणाऱ्यांचे किंवा माशेलच्या चिखलकाल्याचे फोटो आतून काढायचे असतील, तर हे दोन्ही घरी ठेवून ऑलिंपस टीजी-६ सारखा १५ मीटर पाण्यात चालणारा न्यावा. सेन्सर नखाएवढाही नाही, पण चिखलात कुणाचा शालू मोजायचाय! झाकणाच्या रबरावर एक केससुद्धा राहू देऊ नका आणि गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय झाकण उघडू नका.

राहता राहिला डबा. तो हवाबंद आहे, आतली आर्द्रता मोजलेली आहे आणि मृग उलटून गेला आहे, या तीन गोष्टी घरात सगळ्यांच्या ध्यानात आल्या आहेत. सध्या त्यात दोन बॉडी, तीन लेन्स आणि फणसाच्या साटांचे दोन पुडे आहेत. साटं ओलसर, त्यामुळे काटा ५८ वर. पुडे बाहेर काढा असं मी कालच सुचवलं.

"अहो, कॅमेरे दोन आहेत ना?" उत्तर आलं. "एक काढा की बाहेर."