मूळ गाव कोणतं?

मी नायजेरियात लागोस शहरात राहतो. आमच्या ऑफिसातले अकाउंटंट इथल्याच सुरुलेरे भागात जन्मले आणि वाढले. बाजारात ते योरुबात, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत, अशी घासाघीस करतात की भाजीवाल्या मावश्या त्यांना आपल्यातलाच समजतात. तरीही मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी मूळ रहिवासाचा दाखला हवा होता तेव्हा रात्रभर बसने देशाच्या आग्नेयेकडच्या अनाम्ब्रा राज्यातलं वडिलांचं गाव गाठावं लागलं. मुलीने ते गाव चार-दोन नाताळांतच पाहिलंय. पण कुटुंब इग्बो, म्हणजे तिकडच्या जमातीतलं, म्हणून त्यांचं 'मूळ' तिकडे. चाळीस वर्षांचा कर आणि भाडं इथे मोजलं जात नाही.

नायजेरियाच्या 1999च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येक राज्यातला किमान एक 'इंडिजिन', म्हणजे मूळचा माणूस, मंत्रिमंडळात घ्यावाच लागतो. कुणा एका जमातीचं वर्चस्व होऊ नये, हा हेतू योग्यच होता. पण 'मूळचा' आणि 'उपरा' ही मोजपट्टी तिथून नोकरी, शिष्यवृत्ती, प्रवेशापर्यंत उतरली.

25 फेब्रुवारी 2023च्या अध्यक्षीय मतदानात लागोस राज्यात इग्बो उमेदवार पीटर ओबींना तिथलेच माजी गव्हर्नर, योरुबा असलेले बोला टिनुबू यांच्यापेक्षा जेमतेम दहा हजार मतं जास्त पडली, आणि शहराचा सूर बदलला. तीन आठवड्यांनी गव्हर्नरची निवडणूक होती. त्यातले एक उमेदवार गबाडेबो रोड्स-व्हिव्हर जुन्या लागोसच्या घराण्यातले, पण आई इग्बो. प्रचार त्या आईवर घसरला. 18 मार्चला अनेक केंद्रांवर चेहरा बघून, इग्बो वाटले म्हणून, लोकांना अडवलं गेलं. आमचे अकाउंटंट मतदारकार्ड खिशात घालून तसेच घरी परतले. दुसऱ्या दिवशी ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

योरुबांचं दुखणंही मला खोटं वाटत नाही. 'लागोस इज नो मॅन्स लँड' (लागोस कुणाच्याच मालकीचं नाही) हे वाक्य त्यांना झोंबतं. अवोरी या योरुबांच्याच शाखेची वस्ती, ओबाचा म्हणजे राजाचा राजवाडा, 'एको' हे शहराचं जुनं नाव, हे सगळं इंग्रजांनी 1861मध्ये शहर ताब्यात घेण्याच्या कितीतरी आधीचं. 1991पर्यंत ही देशाची राजधानी होती, एवढ्याने ती बिनमालकीची कशी ठरेल? 'मुंबई बहुभाषिक आहे, म्हणून महाराष्ट्राची नाही' हा युक्तिवाद 1950च्या दशकात आपल्या आजोबांनी ऐकला आणि त्याविरुद्ध लोकांनी प्राण दिले. त्यामुळे हा राग मला आतून कळतो.

म्हणूनच 2025मध्ये शाळेतल्या हिंदीसक्तीविरुद्ध महाराष्ट्र उभा राहिला तेव्हा इथे बसून मला आनंद झाला. मराठीचा आग्रह धरलाच पाहिजे. भाषा शिकता येते; माझी आई गिरगावात ज्यांच्याकडून दूध घ्यायची ते भय्याजी अस्खलित मराठी बोलायचे. पण त्याच आठवड्यांत मराठी येत नाही म्हणून दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ आला, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'यांची आडनावं बघा.' तिथे मी थबकलो. आडनावाला शिकवणी लावता येत नाही. मी ग्रुपवर तसं लिहिलं. दोन काका अजून रागावलेले आहेत.

परवा अकाउंटंटनी विचारलं, तुमच्याकडे असा दाखला कसा मिळतो? मी म्हटलं, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलं की अधिवासाचा मिळतो. (जातीच्या दाखल्याला आजोबांचा पत्ता लागतो, तेही सांगितलं.)

"पंधरा?" ते म्हणाले. "आणि बाप कुठला, ते?"

"अधिवासासाठी नाही."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.