दुसरा गाल पुढे करणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे

मोबाइलवर वारंवार फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे: ‘एका गालावर मारली तर दुसरा पुढे कर, असे येशू ख्रिस्ताने सांगितले. म्हणजे अन्याय निमूट सोसा, न्यायालयाची पायरी चढू नका, छळणाऱ्याला क्षमा करून मोकळे व्हा आणि कोणालाही चूक म्हणू नका. ही शिकवण संन्याशाला शोभेल. संसारी माणसाला ती दुबळे करते.’ ख्रिस्ती धर्माचे टीकाकार हा मजकूर उत्साहाने पुढे पाठवतात, आणि शेवटचे वाक्य वगळून तोच उपदेश काही ख्रिस्ती घरांतील वडीलधारी माणसे भक्तिभावाने करतात. टीकाकारांचा गैरसमज फार तर वादापुरता राहतो. पण नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला हाच अर्थ ऐकवून परत पाठवले जाते, तेव्हा त्याची किंमत तिला अंगावर मोजावी लागते. म्हणून यातले एकेक विधान मूळ वचनांशी ताडून पाहिले पाहिजे.

पहिले विधान गालाचे. बायबलमधील ख्रिस्तचरित्रांपैकी एक असलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात हे वचन सुटे आलेले नाही. त्याच्या लगेच आधी ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ या नियमाचा उल्लेख आहे, आणि त्या नियमाच्या आडोशाने सूड उगवण्याची जी मुभा माणूस स्वतःला देतो ती ख्रिस्त तिथे काढून घेतो. ‘दुष्टाला अडवू नका’ हे शब्दही तिथेच आहेत आणि ते सौम्य करून सांगण्यात प्रामाणिकपणा नाही. मात्र कोणत्या प्रसंगी, हेही तिथेच कळते. वचनातला गाल उजवा आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर हात उलटा फिरवावा लागतो, आणि उलट्या हाताची थप्पड इजा करण्यापेक्षा मानखंडना करण्यासाठी असते. ज्यू परंपरेतील मिश्ना या ग्रंथात साध्या थपडेला २०० झूझ (चांदीची नाणी), तर उलट्या हाताच्या थपडेला ४०० झूझ भरपाई सांगितली आहे, ती याच कारणाने. दुसरा गाल पुढे करणे ही मारणाऱ्याला पेचात पकडण्याची युक्ती होती, असे काही अभ्यासक यावरून म्हणतात. मला तो अर्थ ताणलेला वाटतो, कारण पुढच्याच वचनांत मागणाऱ्याला देण्याची आणि शत्रूवर प्रीती करण्याची भाषा आहे. परंतु इथे विषय अपमानाची परतफेड न करण्याचा आहे, हे निश्चित. जिवावर बेतले तरी पळू नका, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे त्याच मत्तयाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्त शिष्यांना स्पष्ट सांगतो.

शिवाय या वचनाचे सर्वांत विश्वसनीय भाष्य स्वतः ख्रिस्ताच्या वागण्यात मिळते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात त्याला बांधून हन्ना या ज्यू धर्मगुरूसमोर उभे केले आहे आणि प्रश्नोत्तरे चालू असताना जवळ उभा असलेला एक शिपाई त्याला थप्पड मारतो. ख्रिस्त उलट हात उगारत नाही, शिव्याशाप देत नाही, पण गप्पही बसत नाही. माझ्या बोलण्यात काही वाईट असेल तर ते दाखवून दे, आणि मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असा प्रश्न तो भर चौकशीत त्या शिपायाला विचारतो. मारणाऱ्याकडे कारण मागणारा माणूस अन्याय गिळत नसतो. दुसऱ्या गालाचा उपदेश करणाऱ्यांपैकी फार थोडे जण हा प्रसंग सोबत सांगतात, याची मला मनापासून खंत वाटते.

न्यायालयाची पायरी चढू नका, या विधानाचे उत्तर ख्रिस्ताचा आरंभीचा प्रचारक पौल याच्या चरित्रात आहे. फिलिप्पै या शहरात त्याला आणि त्याचा सहकारी सीला याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देण्याचा हुकूम आला, तेव्हा पौलाने जायला नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला, आणि अधिकाऱ्यांना येऊन विनवणी करावी लागली. पुढे कैसरिया या शहरात त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. याच पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना बांधवांविरुद्ध फिर्याद लावल्याबद्दल खडसावले आहे, हा आक्षेप योग्य आहे. पण ते व्यवहारातल्या क्षुल्लक तंट्यांविषयी आहे, आणि तिथेही तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, असे तो विचारतो. निवाडाच नको, असे तो म्हणत नाही. गुन्ह्याच्या बाबतीत तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय दंड करण्याचे काम शासनाकडे सोपवतो. त्यामुळे बालकाच्या लैंगिक छळाची गोष्ट ‘मंडळीतच (चर्चच्या समुदायातच) मिटवू’ म्हणणारे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचे केलेले कळवण्याचे कर्तव्य तर मोडतातच, पण बायबलचा आधारही त्यांना नाही.

क्षमेविषयी बोलताना अधिक काळजी हवी, कारण ख्रिस्ताने क्षमेला मर्यादा घातली नाही. सातच्या सत्तर वेळा, असे तो मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र या शिष्याला म्हणाला. पण त्याच अध्यायात, थोडे आधी, अपराध करणाऱ्याला कसे गाठायचे याचा क्रम आहे: प्रथम एकांतात त्याचा दोष दाखवायचा, त्याने ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार न्यायचे, तरीही नाही तर मंडळीला कळवायचे. लूकाच्या सतराव्या अध्यायातही आधी दोष दाखवणे, मग त्याचा पश्चात्ताप आणि मग क्षमा, असाच क्रम आहे. जक्कय या जकातदाराच्या कथेत पश्चात्तापाचा हिशेबही दिसतो. ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देण्याची तयारी तो दाखवतो. मनातला द्वेष सोडणे एक आणि मारणाऱ्याच्या हाताखाली पुन्हा राहायला जाणे दुसरे. विवाह अविच्छेद्य मानणाऱ्या कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतसुद्धा कलम ११५३ नुसार जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास आधार मिळतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करणारी ख्रिस्ती स्त्री क्षमेची शिकवण मोडत नाही, हे पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) उपासनेत उघडपणे सांगायला हवे.

कोणालाही चूक म्हणू नका, या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. कुसळ आणि मुसळ यांचे वचन पूर्ण वाचले तर स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढल्यावर भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला स्पष्ट दिसेल, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कुसळ काढायचेच आहे.

राहिले संन्याशाचे विधान. गालाचे वचन ज्यात येते त्या डोंगरावरील प्रवचनातले विषय पाहावेत: भावाशी भांडण, वैवाहिक निष्ठा, दिलेला शब्द, उसने मागणारा माणूस, उद्याच्या अन्नवस्त्राची काळजी. हे सगळे संसाराचेच विषय आहेत. ही शिकवण सामाजिक लढ्यात कशी दिसते, हे वसईकरांनी पाहिले आहे. बायबल सुबोध मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे पर्यावरण वाचवू पाहणाऱ्या हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात दहशतीला न घाबरता आणि हिंसेचा आश्रय न घेता उभे राहिले. घरात ती कशी लागू करायची, याचेही उत्तर मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात, गालाच्या वचनाच्या थोडे आधी आहे. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जावे, असे ते वचन सांगते. इथे उठून जायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. म्हणून घरातल्या मारहाणीची गोष्ट कानावर आली की पाळकांनी मुलीला क्षमेचे वचन वाचून दाखवण्याआधी तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी, आणि ज्याने हात उचलला त्याला गाठून हे अर्पणाचे वचन त्याच्यापुढे ठेवावे.