हरताळ, पण पांढरा

जुन्या पोथ्यांतली चूक लेखनिक पिवळ्या हरताळाने, म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाच्या विषारी खनिजाने, कशी झाकत, हे हातमोजे घालून एकदा करून पाहावे म्हणून मी परवा काष्ठौषधींच्या दुकानात गेलो आणि पदरात पडली ती पांढऱ्या खड्यांची पुडी. "हा हरताळ नव्हे," असे म्हणताच दुकानदार मान वर न करता म्हणाला, "गोदंती हरताळ आहे." त्याचे शब्दशः बरोबर होते, हेच अधिक झोंबले, कारण या नावाने विकले जाते ते जिप्सम असते आणि त्याच्या सूत्रात आर्सेनिकचा पत्ताही नसतो.

शेजारी शिकेकाईसाठी ताटकळलेल्या आजोबांनी तेवढ्यात चष्मा कपाळावर चढवला. "हरताळ? कोणत्या युनियनचे तुम्ही?" बंदचा हरताळ गुजरातीतून आला, माझा खाणीतून येतो, असे मी नम्रपणे सांगितले. "मग पिवळ्याचाच हट्ट का? हा शुद्ध करून पांढरा केला असेल." आर्सेनिकचे पांढरे संयुग म्हणजे सोमल, ते जहाल विष, हे समजावण्याचा मोह मला आवरला नाही. "म्हणजे तुम्ही विष मागायला आलात!" आजोबांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला, एका काकूंनी आपली पिशवी माझ्यापासून दूर सरकवली, आणि आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारले, "घरी सगळे ठीक आहे ना?" वर लगेच, "तसे आम्हीही करोनात आर्सेनिक घेतले म्हणा, काही झाले नाही." कसे होणार? 2020 साली वाटलेल्या आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथिक औषधाच्या गोळ्यांत सोमल इतका विरळ केलेला होता, की त्याचा रेणूही उरू नये.

मनशीळ (रिअल्गार) हेही आर्सेनिक आणि गंधकाचेच खनिज, पण तिची तऱ्हा आणखी न्यारी. ही तांबडी मनशीळ उजेडात ठेवली की तिची पिवळी भुकटी होते; ती भुकटी म्हणजे हरताळच, असे जाणकारही दीर्घकाळ समजत होते, आणि 1980 मध्ये कुठे तिला पॅरारिअल्गार हे वेगळे नाव मिळाले. म्हणजे घोळ निस्तरायला आणखी एक नाव! रसायनशास्त्राने तरी काय दिवे लावले? आर्सेनाइट आणि आर्सेनेट या आर्सेनिकच्या संयुगांत फरक तो शेवटच्या अक्षरांचा, आणि सामान्यतः अधिक विषारी असते ते पहिले. ज्या पदार्थांत चुकीला जागा नाही, त्यांची नावे एवढ्या निष्काळजीपणे का ठेवावीत? निदान पुडीवर आत कोणते खनिज आहे हे छापायला कितीशी शाई लागते?