गरोदरपणात "नऊ महिने लांब राहा" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणी, आपल्याकडच्या बायकांच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दिवस गेल्यापासून बाळंत होईपर्यंत नवरा-बायकोनी संबंध ठेवले की बाळाला इजा होते, गर्भ पडतो, अशा दिवसात जिला इच्छा होते ती बाई वळणाची नव्हे, आणि यावर काउन्सेलिंग घेणं म्हणजे पैसेवाल्यांची थेरं. वाचून फार राग आला म्हणून लिहितेय.

आधी बाळाचं बघू. बाळाभोवती पाणी असतं, गर्भपिशवीची जाड भिंत असते, पिशवीचं तोंड घट्ट स्रावाने बंद असतं, तब्येत नॉर्मल असेल तर संबंधामुळे बाळाला काही लागत नाही. सुरुवातीला जे गर्भ पडतात त्यातले जवळपास निम्मे गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे, आणि इकडे कितीतरी बायका "माझ्याच चुकीमुळे गेलं" म्हणून जन्मभर झुरतात. हां, वार (प्लासेंटा) खाली असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, पिशवीला टाका घातला असेल, कळा लवकर सुरू व्हायचा धोका असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाही म्हणजे नाही. पण ते त्या बाईपुरतं, सरसकट सगळ्यांना नव्हे.

इच्छेचं म्हणाल तर पहिले तीन महिने उलट्या आणि थकवा, त्यात कुणाला काय सुचणार, मधल्या महिन्यांत बऱ्याच जणींना बरं वाटतं आणि इच्छाही वाढते, शेवटी पोट अवघड होतं. वळणाचा काय संबंध? आणि इच्छा नसेल तर तेही तितकंच ठीक, नवऱ्याला नाही म्हणायचा हक्क पोटुशी असताना कमी होत नाही.

आता काउन्सेलिंग. माझ्या जावेला डॉक्टर "जपून राहा" एवढंच बोलले होते, त्याचा अर्थ दोघांनी आपापल्या परीने लावला, भावजी बाहेरच्या खोलीत झोपायला लागले आणि हिला वाटलं मी जाड झाले म्हणून नकोशी झाले. मग दवाखान्यातल्या सिस्टरनी दोघांना समोर बसवलं, स्कॅनचा रिपोर्ट काढून वार कुठाय ते बघितलं, रक्त जातंय का, दुखतं का, भीती कसली वाटते ते विचारलं. मग सांगितलं की कुशीवर झोपून चालेल, पाठीवर जास्त वेळ नको, दुखलं की थांबायचं, आणि काहीच नको वाटलं तर नुसतं जवळ घेऊन झोपा. भावजींच्या तोंडून "बाळाला काहीतरी होईल म्हणून भ्यायलो होतो" हे तिनं तिथंच पहिल्यांदा ऐकलं.

ही थेरं नव्हेत, याची पद्धत ठरलेली आहे. प्लिसिट म्हणतात, जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडली. आधी बोलायला मोकळीक द्यायची, मग गरजेपुरती माहिती, मग त्या जोडप्यापुरत्या सूचना, आणि एवढ्यानं भागलं नाही तरच तज्ज्ञाकडची थेरपी. बऱ्याच जणांचं पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच भागतं. इराणमध्ये गरोदर बायकांवर याचे अभ्यास झालेत, फायदा दिसलाय.

पैशाचं म्हणाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, तिथंच विचारा. कानडीत असलं बोलायला अवघडल्यासारखं होतं हे मान्य, मग आशाताईंना सोबत घ्या, आणि नवऱ्यालाही आत न्या, बाहेर बाकड्यावर बसवून ठेवू नका.