सोळा आणे जमीन

इंग्रजी अमलातल्या शेतसाऱ्यावरच्या तुमच्या लेखात इंदापूरची १८३६ ची जमीन पाहणी छान मांडलीय, पण 'प्रत ठरवली' एवढ्या दोन शब्दांत प्रतबंदी, म्हणजे कसाप्रमाणे जमिनीची प्रतवारी लावणं, उरकली, हे पटलं नाही. खरी गंमत तिथेच आहे.

आधी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा लावायचा घाट घातला. कागदावर हिशेब देखणा, पण आकारणी इतकी चढी की गावंच्या गावं पडीक पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी उत्पन्नाचा नाद सोडून सरळ माती तपासली. काळी किती खोल ते हातांत मोजायचं. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी म्हणजे सोळा आणे, अर्थात सगळ्यात वरची प्रत. हातभर असेल तर दहा, पाव हात असेल तर साडेचार. त्यात चुनखड, वाळू, उतार, पाणथळ असे दोष निघाले की प्रत आणखी खाली. एकाच शेताचे भाग पाडून प्रत्येकाची प्रत वेगळी लावायची.

आमच्याच रानात बांधाशी पहार मारली तर वीतभरावर मुरूम खणकतो आणि ओढ्याकडे तीच पहार गपकन आत जाते. तेव्हा भाग पाडण्यातलं शहाणपण कळतं.

आणि हो, तीस वर्षांनी इंदापुरातच सारा पुन्हा वाढला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यामागे सावकार होतेच, पण ही फेरआकारणीही होती. लेखात त्याचा उल्लेखही नाही. सातबाऱ्यावरचा 'आकार' हा साऱ्याच्या रकमेचा रकाना मात्र अजून त्याच हिशेबाची आठवण आहे, आमच्याकडे तो काही रुपये काही पैसेच भरतो!